बी.एड.चा इसार देण्याआधी सातबारा बघा

मंडळी, जमीन घ्यायची म्हटली की आपण काय करतो? आधी सातबारा काढतो, फेरफार बघतो, बँकेचा बोजा आहे का ते विचारतो, बांधावरून एक चक्कर मारतो आणि मगच इसार देतो. बियाण्याची पिशवी घेताना टॅग बघतो, पक्की पावती मागतो. पण पोराला किंवा पोरीला बी.एड.ला घालायचे म्हटले की हीच माणसे कुणा ओळखीच्याच्या शब्दावर पैसे मोजून मोकळी होतात. कॉलेजला मान्यता आहे का, पोराच्या पदवीचा विषय शाळेत चालतो का, बी.एड. झाल्यावर पुढे कोणत्या परीक्षा आहेत, हे कुणी विचारत नाही. दोन वर्षांनी हाती आलेला कागद नोकरीच्या दारात चालत नाही असे कळते, तेव्हा वेळही गेलेली असते आणि पैसाही.

गावात एक समज अजून घट्ट आहे, की बी.एड. झाले म्हणजे मास्तर झाले. एके काळी ते बऱ्याच अंशी खरे होते. वर्षभराचा कोर्स करायचा, जवळच्या हायस्कुलात अर्ज टाकायचा आणि संस्थेच्या अध्यक्षांना भेटायचे. आता तसे राहिलेले नाही. आज बी.एड. ही पाच-सहा पायऱ्यांतली एक पायरी आहे. त्या पायऱ्या कोणत्या, कोणत्या क्रमाने येतात आणि कुठे पाय घसरतो, हे आज नीट समजून घेऊ.

आधी कोणता वर्ग ते ठरवा

पहिला प्रश्न कॉलेजचा नाही. आपल्या मुलाला कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे, हा पहिला प्रश्न आहे. कारण वर्ग बदलला की लागणारे शिक्षण बदलते.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. लागते. गावात आपण तिला अजून डी.एड.च म्हणतो. मधल्या काळात, २०१८ साली, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड.वाल्यांनाही या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. तेव्हा 'बी.एड. करून ठेव, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला लागशील' असे कुणी सांगत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर लागतो. या वर्गांना डी.एल.एड. असलेला पदवीधरही चालतो. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. लागते, आणि पदवीला किंवा पदव्युत्तरला किमान ५० टक्के गुण असावे लागतात. अकरावी-बारावीला शिकवायचे असेल, तर त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि वर बी.एड.

म्हणजे पोरगी बारावीला असेल आणि तिला लहान मुलांना शिकवायची आवड असेल, तर आधी तीन वर्षे पदवी आणि मग दोन वर्षे बी.एड. असा पाच वर्षांचा रस्ता तिच्यासाठी उलटा पडतो. तिला दोन वर्षांची डी.एल.एड. पुरते. उलट हायस्कुलात गणित शिकवायचे असेल, तर डी.एल.एड.वर भागत नाही. पेरणीआधी जमिनीचा पोत बघतात, तसेच हे आहे.

पदवीचा विषयही बघा. पदे विषयवार निघतात. जाहिरातीत मराठीचे पद असेल, तर मराठीचा पदवीधर लागतो. विज्ञानाचे असेल, तर विज्ञानाचा. शाळेत जो विषयच शिकवला जात नाही त्यात पदवी घेतलेली असेल, तर बी.एड. होऊनही अर्ज कुठल्या पदाला करायचा हा प्रश्न उभा राहतो. म्हणून हा विचार बी.एड.च्या वेळी करून उशीर होतो. बारावीनंतर पदवीला विषय निवडतानाच तो करायला हवा.

प्रवेश कुणाला मिळतो?

बी.एड.ला येण्यासाठी कला, विज्ञान, वाणिज्य अशा शाखेची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी लागते. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाच्या उमेदवारांना ही अट ४५ टक्के आहे. इंजिनिअर झालेल्यांनाही, विज्ञान-गणित विषय असतील आणि ५५ टक्के असतील, तर वाट मोकळी आहे. पदवीला टक्के कमी पडले तर हातपाय गाळू नका. पदव्युत्तर पदवीला ५० टक्के असतील, तर तीही धरली जाते.

त्यानंतर येते सीईटी. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. संगणकावर, पर्यायी उत्तरांची १०० प्रश्नांची परीक्षा असते आणि वेळ ९० मिनिटांचा. प्रश्न बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी पेशाकडे असलेला कल यांवर येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.ला जायचे असेल, तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते.

इथे बरीच गावाकडची पोरे चुकतात ती वेळेत. गेल्या काही वर्षांत सीईटीचे अर्ज हिवाळ्यातच, म्हणजे पदवीचे शेवटचे वर्ष चालू असतानाच सुटतात, आणि परीक्षा मार्च-एप्रिलला होते. आपण जूनमध्ये निकाल लागल्यावर चौकशीला निघतो, तोवर बस सुटलेली असते. शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी सीईटी देऊ शकतो. प्रवेशाच्या वेळी फक्त तो पास झालेला असावा लागतो. तेव्हा रब्बीची पेरणी उरकली की सीईटीची जाहिरात बघायला लागा.

सीईटीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून, कॉलेज मिळते. फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा आणि व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागा कॉलेज आपल्या पातळीवर भरते. पण तिथेही नियम सुटत नाहीत. तोही प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणाकडून मंजूर व्हावा लागतो. 'सीईटी दिली नसली तरी चालेल, वर आपली ओळख आहे' असे म्हणणाऱ्याला घराच्या ओट्यावरूनच राम राम करा.

कॉलेजचा सातबारा म्हणजे मान्यता

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. बी.एड.चे कॉलेज चालवायला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता लागते. १९९३ च्या कायद्याने ही परिषद आली आणि १९९५ पासून ती काम बघते. त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की ज्या संस्थेने मान्यताच घेतलेली नाही, किंवा मान्यता काढून घेतल्यावरही जी कोर्स चालवते, तिथली पदवी सरकारी नोकरीला किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीला वैध धरली जात नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पोराने दोन वर्षे मन लावून अभ्यास केला, पाठ घेतले, परीक्षा पास झाला, तरी कॉलेजला मान्यता नसेल तर तो कागद कोरा. चूक कॉलेजची आणि भोग पोराच्या वाट्याला.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचे नाव आहे का आणि मान्यता चालू आहे का. दोन, सीईटी कक्षाच्या कॅपच्या यादीत ते कॉलेज यंदा आहे का. तीन, विद्यापीठाची संलग्नता त्याच कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का. मान्यता तुकडीवर मिळते आणि एक तुकडी ५० विद्यार्थ्यांची असते. मान्यता ५० जागांची आणि वर्गात ७० पोरे बसवली असतील, तर वरच्या वीस जणांचे काय होणार हा प्रश्न आजच विचारलेला बरा. मोबाईलवर बघता येत नसेल, तर गावातल्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना किंवा सेतू केंद्रावरच्या पोराला बघायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे.

'घरबसल्या बी.एड.' हा असाच एक सापळा. दूरशिक्षणाने बी.एड. करता येते, नाही असे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असा कोर्स चालवते. पण तो नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आणि ज्यांनी आधीच डी.एल.एड.सारखा मान्यताप्राप्त कोर्स कॉलेजात बसून केला आहे त्यांच्यासाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या पोराला 'परराज्यात नाव घाल, फक्त परीक्षेला जा' असा सल्ला कुणी देत असेल, तर तो बी.एड. विकत नाही, आपला पैसा गिळतो.

दोन वर्षे म्हणजे पुरी दोन वर्षे

तुमचा मामा किंवा थोरला भाऊ वर्षात बी.एड. झाला असेल. तो काळ २०१५ ला संपला. २०१५-१६ पासून कोर्स दोन वर्षांचा आहे. वर्षाला परीक्षा सोडून किमान २०० कामाचे दिवस भरावे लागतात. वर्गाची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाची हजेरी ९० टक्के लागते. हे शाळेतले काम, ज्याला आंतरवासिता म्हणतात, दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे असते आणि त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी.

शेतकरी घरात याचा अर्थ एवढाच, की कांदा काढणीला किंवा ऊस तोडणीला दुसऱ्या वर्षी पोराला पंधरा-पंधरा दिवस घरी बोलावता येणार नाही. १६ आठवड्यांत ९० टक्के हजेरी म्हणजे जेमतेम दहा-बारा दिवसांची सूट. घरचा माणूस दोन वर्षे शेतातून कमी होणार, त्याच्या जागी मजूर लावावा लागणार, हा खर्चही फीच्या खर्चात धरा. तो कुणी धरत नाही आणि मग मधेच कोर्स सुटतो. दोन वर्षांचा कोर्स जास्तीत जास्त तीन वर्षांत पुरा करावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

सध्या एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा गावोगावी ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित कोर्सही त्याच धोरणातला. पण धोरणात लिहिले म्हणजे शेजारच्या कॉलेजात ते सुरू झाले असे नव्हे. ज्या कोर्सचे नाव एनसीटीईच्या मान्यतेत आणि प्रवेशाच्या सरकारी यादीत दिसते, त्यालाच पैसे भरा.

बी.एड. झाले, पुढे काय?

इथून पुढे दोन परीक्षा आहेत आणि नावे सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दुसरी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडे आहेत.

टीईटी ही पात्रतेची परीक्षा आहे. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. १५० प्रश्न, १५० गुण. पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. राज्यात ही परीक्षा २०१३ पासून होते. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षे चालायचे, २०२१ पासून ते जन्मभरासाठी झाले. केंद्राची सीटीईटी पास असली तरी चालते. या परीक्षेचे महत्त्व किती वाढले आहे ते बघा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या प्रकरणासह निकाल देताना सांगितले, की नोकरीत असलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे. जुन्यांनाही सूट नाही, तिथे नव्यांचे काय?

टेट ही पास-नापासाची परीक्षा नाही. तिचे गुण म्हणजे भरतीच्या रांगेतला नंबर. २०० प्रश्न आणि दोन तास. हे गुण घेऊन 'पवित्र' या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचे आणि पसंतीक्रम द्यायचे. जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीशिवाय भरतात. खासगी अनुदानित संस्था मुलाखतीचा पर्याय घेऊ शकतात, पण उमेदवार याच पोर्टलवरून जातात.

आता कटू पण खरे बोलतो. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी झाली २०२३ च्या सुरुवातीला. तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसरीच्या मधे पाच वर्षांवर काळ गेला. २०२४ मध्ये पवित्रवर २१ हजारांहून जास्त जागांची जाहिरात आली, पण तोवर कितीतरी पोरे वाट बघून दुसऱ्या कामाला लागली होती. म्हणजे हे पीक दरसाल येणारे नाही. पाऊस कधी पडेल ते आपल्या हाती नसते, रान तयार ठेवणे आपल्या हाती असते. बी.एड. चालू असतानाच टीईटीचा अभ्यास करून ती पास होऊन ठेवली, तर भरती निघाल्यावर धावाधाव होत नाही.

नोकरी लागल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढवलेल्या दराने मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. घरचे गणित याच आकड्यावर मांडा.

आणि एक इशारा. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले. २०२२ मध्ये सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे घेणारे तुरुंगात गेले, पण देणाऱ्यांचे पैसे गेले, गुण गेले आणि नावही गेले. 'सेटिंग' करून देतो म्हणणारा दलाल दारी आला, तर एवढे आठवा.

फीचा हिशेब

कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती किती आहे हे विचारा आणि तेवढीच पावतीवर भरा. पावतीशिवाय वरचे पैसे घेणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. डोनेशनसाठी जमीन गहाण टाकण्याआधी कॅप फेरीत सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळते का ते बघा.

महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या योजना आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. मुलींसाठी २०२४ मध्ये शासनाने व्यावसायिक कोर्सची फी आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत माफ केली आहे. पण या सवलतींची किल्ली एकच, प्रवेश कॅपमधून झालेला असावा. मागच्या दाराने गेलेल्याला ही सवलत मिळत नाही. आपला कोर्स आणि कॉलेज योजनेत बसते का, हे प्रवेशाआधीच पोर्टलवर बघून घ्या.

सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवकांना विनंती

गावकारभाऱ्यांनो, यात तुमचाही वाटा आहे. शासनाने २०२४ मध्ये तुमची पदनामे बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. पण गावातल्या पोरांची अडचण जुनीच आहे, दाखला वेळेवर मिळत नाही.

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, यांतला एक कागद कमी पडला तरी राखीव जागेवरचा दावा सुटतो आणि मुलगा खुल्या गटात ढकलला जातो. नॉन-क्रिमीलेयर तर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे असावे लागते, जुने चालत नाही. लग्न झालेल्या मुलींची अडचण आणखी वेगळी. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, पदवी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या नावाने. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवावी लागते. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीतच होते, तेव्हा ग्रामसेवकांनी हा एक कागद अडवू नये.

दिवाळीनंतरच्या एखाद्या ग्रामसभेत, गावात पदवीच्या शेवटच्या वर्षाला किती मुले-मुली आहेत याची यादी करा. कुणाचे कोणते दाखले बाकी आहेत ते लिहून घ्या. अर्धा तास लागेल. ज्या गावाने हे केले, त्या गावातल्या पोरांना जुलैमध्ये तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीनेही लक्ष घालावे. आंतरवासितेसाठी गावच्या शाळेत आलेली बी.एड.ची पोरे नुसती फळ्यामागे उभी राहतात की खरेच वर्ग घेतात, हे बघणे तुमचे काम आहे. उद्या तीच कुणाच्या तरी लेकरांना शिकवणार आहेत.

पालकांनो, चांगल्या शिक्षकाची गावाला गरज आहे आणि शेतकऱ्याच्या घरातून येणारा शिक्षक गावातल्या लेकरांची भाषा आणि भूक दोन्ही ओळखतो. म्हणून बी.एड.ला घालू नका असे कुणी म्हणत नाही. घाला, पण वर्ग आणि विषय आधी ठरवा, सीईटी वेळेत द्या, कॉलेजची मान्यता स्वतः बघा, पावतीशिवाय रुपया देऊ नका, आणि टीईटीचा अभ्यास कोर्सबरोबरच सुरू करा. या पाच गोष्टी घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात सीईटीचे अर्ज सुटतील, तेव्हा त्या कामाला येतील.